चौकडी आणि ठिपके

२ मार्च

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून न फोडताच फेकणार असशील तर जरा थांब. आत समेटाची बोलणी नाहीत. अंत्यविधीच्या दिवशी तू मला जे बोललास ते परत घे असं मी म्हणणार नाही, आणि मी जे केलं त्याची माफीही मागणार नाही. बाबांच्या घराच्या चाव्या मालकाला दिल्या, एवढं तुला कळवायला हवं, म्हणून लिहिते आहे.

सामान फारसं निघालं नाही. लोखंडी कपाट, पलंग, दोन खुर्च्या, भांडी. हत्यारं मात्र पोतंभर. हातोड्या, पाने, पक्कडी, आणि ग्रीसचा अर्धा डबा. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी ग्रीस कशाला लागत होतं कोण जाणे. मोठी हातोडी तुझ्यासाठी बाजूला ठेवली आहे, लहान मी घेतली. बाथरूममधला स्टीलचा मगही मीच घेतला. त्याचा काठ चेपलाय, तुला त्याचा काही उपयोग नाही.

मालक विचारत होता, जन्मभर लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस तळमजल्यावर का राहिला. मी त्याला बाबांचंच उत्तर दिलं: "आयुष्यभर लोकांना वर-खाली केलं, आता मला कुणी हलवू नका." तुला हे वाक्य आवडत नाही, माहीत आहे. तू त्यांना वृद्धाश्रमात हलवायला निघालास आणि मी आडवी आले, यावर आपण पोटभर भांडलोय. पण ती दुपार आठवते का? तू त्यांच्यासमोर बसून तिथलं माहितीपत्रक वाचून दाखवत होतास. रोज डॉक्टर येतात, खिडकीतून बाग दिसते. बाबांनी चमचा उचलला आणि खुर्चीच्या लोखंडी पायावर तीन ठोके दिले. थांबले. परत तीन. तू विचारलंस, "हे काय आता?" तर म्हणाले, "अडकलोय म्हणून सांगतोय." मी हसून हसून लोळले आणि तू पत्रक तिथेच टाकून निघून गेलास.

लहानपणी आपल्याला कपाटात बसवून त्यांनीच शिकवलं होतं ते. लिफ्टमध्ये अडकलात तर ओरडू नका, दम जातो. लोखंड शोधा आणि ठोका. तीन, थांबा, तीन. म्हणजे बाहेरच्याला कळतं की आत माणूस आहे, नाहीतर त्याला वाटतं यंत्रच वाजतंय.

त्या दुपारनंतर तू आलास की दार बंद आणि आत ठोकाठोक सुरू. रागावले की त्यांना दुरुस्तीला काहीतरी सापडायचंच. आई म्हणायची, "यांचा राग घराला मानवतो, सगळे स्क्रू घट्ट होतात."

आता त्या बाटलीबद्दल. तू म्हणालास, "बापाच्या अंगावरचे किडे बाटलीत भरायला हात कसा धजला तुझा?" धजला नाही रे, आपोआप गेला. मी पाणथळीवरून माश्या गोळा करून परतत होते. दाराशी वर्तमानपत्रं साचलेली बघितली आणि किल्लीवाल्याला बोलावलं. आत गेले तेव्हा खांद्याला तीच पिशवी होती, तीत बाटल्या आणि चिमटा. काय करावं ते सुचत नाही तेव्हा माणूस जे येतं ते करतो. तू फोनवर हमसून रडलास, मी त्यांच्या पायाशी बसून किडे उचलले. कुणाला जास्त लागलं याचा निवाडा त्यावरून करू नकोस.

त्या किड्यांचे कोष झाले. बरेचसे त्याआधीच मेले, खाटकाकडून आणून ठेवलेल्या मांसाला त्यांनी तोंडही लावलं नाही. ज्या माश्या निघाल्या त्यातल्या माद्या चुरगळलेल्या, पंखही न उघडलेल्या. धड असा एकच नर.

आणि दादा, तो नर आजवर नाव मिळालेल्या कुठल्याच जातीचा नाही.

मांसमाश्या वरून सगळ्या सारख्याच दिसतात. राखाडी अंग, छातीवर तीन काळे पट्टे, विटकरी डोळे. कोण कुठली ते ठरतं नराच्या शेपटाशी घडी घालून ठेवलेल्या जननेंद्रियावरून. हे मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा बाबांच्या नाकातून चहा आला होता. "एवढं शिकलीस आणि शेवटी माशीच्या ढुंगणात डोकं घातलंस!" तर त्या नराचं ते शेपूट मी कॉस्टिकच्या पाण्यात मऊ केलं आणि भिंगाखाली उघडलं. दोन आकडे, मध्ये नळी, नळीच्या टोकाला पातळ पडदा. त्या पडद्याच्या दोन्ही कडांना बारीक दाते आहेत. आमच्या संग्रहालयाच्या कपाटांतल्या एकाही माशीला असे दाते नाहीत. पुस्तकांतही नाहीत. आमच्या विभागप्रमुख बाई कौतुक कशाला म्हणतात ते जाणत नाहीत, त्यांनी भिंगावरून डोळा न काढता म्हटलं, "हे आयुष्यात एकदाच होतं हं."

मला आनंद झाला. खरंच झाला. मग टाचणीवर माशीच्या खाली लावलेलं लेबल दिसलं. माझंच अक्षर, त्याच दिवशीचं. स्थळ, तारीख, कुणी गोळा केली. आणि कशावर सापडली.

हे सांगायला मला दुसरं कुणी नाही. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

बारकी

१९ मार्च

दादा,

तुझं कार्ड मिळालं. वर हाक नाही, खाली सही नाही, मध्ये एक ओळ. "माश्यांवरून वेळ कळते म्हणे. डॉक्टर म्हणाले ते बरोबर आहे ना, तेवढंच कळव." वीज मंडळाची नोटीससुद्धा याहून लांब असते.

तुला काय विचारायचंय ते मला कळतं. कामाच्या धावपळीत वेळ काढून तू त्या दुपारी त्यांच्या दाराशी गेलास. बेल वाजवलीस. नक्की दाबून धरली असशील, लहानपणापासून तुझी तीच तऱ्हा. "सोड ते बटण, जळेल!" असं बाबा आतून ओरडले नाहीत, असा तो पहिलाच दिवस असेल. दार उघडलं नाही. तू टॅक्सीत बसून विमानतळावर गेलास आणि तिथून मला फोन केलास, "तीच नाटकं. दार उघडत नाहीत." मी चिखलात उभी होते. म्हटलं, "रुसलेत. जाऊ दे ना."

डॉक्टरांचा हिशेब साधा होता. किडे एवढे मोठे, म्हणजे तू बेल वाजवलीस त्याच्या आदल्या दिवशीपासून ते वाढत होते. माश्या माणूस गेल्यावर येतात. म्हणजे तू दाराशी उभा होतास तेव्हा बाबा आधीच गेलेले होते. बाथरूममध्ये पडले, हृदय बंद पडलं, त्यांना काही कळलंसुद्धा नसेल. किड्यांचं वय डॉक्टरांनी बरोबर काढलंय. त्यात चूक नाही.

इथेच थांबायला हवं, पण अर्धवट सांगणं मला कधी जमलेलं नाही. मांसमाश्या अंडी घालत नाहीत, जिवंत पिल्लंच सोडतात, आणि त्यांची दोन घराणी आहेत. एक घराणं मेलेल्या मांसावर येतं. दुसरं जित्या जनावराच्या उघड्या जखमेवर. आमच्या खोलीत आम्ही त्यांना चौकडीवाल्या आणि ठिपकेवाल्या म्हणतो. मेलेल्यांवर येणाऱ्यांच्या पोटावर रुपेरी-काळी चौकडी असते. माशी उजेडात फिरवली की चौकोन जागा बदलतात, काळा होता तो रुपेरी दिसतो. दुसऱ्या घराण्याच्या पोटावर काळे ठिपके असतात. माशी कशीही फिरवा, ते हलत नाहीत.

आपल्या माशीची जात नवीन आहे हे शेपटावरून कळलं. ती कुठल्या घराण्यातली, हे पोटावरून ठरेल. पण तिच्या अंगाला तेल सुटलंय. वाळताना काही माश्यांचं असं होतं, सगळं अंग काळपट, ओलसर दिसतं, नक्षी बुडून जाते. ते तेल द्रावणात भिजवून हळूहळू काढावं लागेल. घाई केली तर केस झडतात. तेव्हा थोडा धीर धर.

चौकडीवाल्या पुष्कळ जास्त असतात. ठिपकेवाल्या आमच्याकडे सगळ्या मिळून एका पेटीत मावतात.

वहिनीला विचारलंय म्हणून सांग.

बारकी

२७ मार्च

दादा,

हे मी पाठवणार नाही. तरी तुलाच लिहिते आहे, कारण दुसऱ्या कुणाला लिहू?

आज तेल निघालं. माशी भिंगाखाली धरली. खिडकीकडे तोंड करून बघितली, पाठ करून बघितली, दिवा डावीकडे ठेवला, उजवीकडे ठेवला. बाई आत येऊन म्हणाल्या, "अहो, किती फिरवाल? चक्कर येईल तिला." मी हसले. मग परत फिरवली.

हलत नाहीत. पोटाच्या प्रत्येक पट्ट्यावर तीन काळे ठिपके, आणि ते हलत नाहीत. मिशीवरचा केस चौकडीवाल्यांचा पिसासारखा असतो, हिचा नुसता गुळगुळीत आहे. मला वाटलं होतं, निदान ती खूण तरी उलटी निघेल. निघाली नाही.

मला हे माश्यांच्या आधीच कळायला हवं होतं. किडे फक्त त्यांच्या पायावर होते, साखरेमुळे जी जखम भरत नव्हती तिच्यात, पट्टीच्या आत. माणूस मेला की माश्या आधी डोळ्यांकडे जातात, तोंडाकडे जातात. त्यांचा चेहरा स्वच्छ होता. तू रागाने मला फाडून खाल्लंस तेव्हाही मी तुला एवढं सांगू शकले असते की चेहरा स्वच्छ होता. मी सांगितलं नाही, कारण का स्वच्छ होता ते विचारलं असतंस.

आणि बाबांचं अंग किड्यांइतकं जुनं नव्हतं. अशी अंगं मी कामासाठी पाहिलेली आहेत. किड्यांचं वय बेलच्या आधीचं होतं, पण ते जखमेचं वय होतं, मरणाचं नव्हे. ते पडले, उठता आलं नाही, पट्टी सैल झाली, आणि माश्या आल्या. ते जिवंत असताना. मग तू आलास. मग तू गेलास. त्यानंतर केव्हातरी बाबा गेले.

तो मग मी का ठेवला ते आता लिहून टाकते. काठ चेपलाय आणि बाथरूममधल्या पाइपचा रंग खाली, जमिनीपाशी, एकाच जागी उडालाय. ते पडले होते तिथून हातभर अंतरावर. माझ्या डोक्यात ही गोष्ट येते आणि मी उठून दुसरं काहीतरी करायला लागते. ते ठोकत होते, दादा. ओरडले नाहीत. लोखंड शोधलं आणि ठोकत बसले.

वर राहणाऱ्यांना वाटलं असेल, म्हातारा नेहमीसारखी दुरुस्ती करतोय.

एका गोष्टीचा आधार वाटतो. तू बेल वाजवलीस तेव्हा ते थकून थांबलेले असणार, कदाचित शुद्धीवरही नसतील. कारण ठोकलेलं तुझ्या कानावर पडलं असतं तर तू दार फोडलं असतंस. तीनचा अर्थ तुला माझ्याआधी शिकवला होता त्यांनी.

११ एप्रिल

दादा,

माशी अजून भिजत आहे. तेल चिवट आहे. तुझं दुसरं कार्ड आलं, त्यावर दोनच शब्द: "चौकडी? ठिपके?" तू चांगला विद्यार्थी झाला असतास.

काल वहिनीचा फोन आला होता. तुला सांगू नकोस म्हणाली, म्हणून सांगते. म्हणाली, "हे झोपत नाहीत गं. जेवताना मध्येच हात थांबतो. बेल वाजली की दचकतात, म्हणून मी बेलच काढून टाकली. तर आता लोक दार ठोकतात. ते तर यांना अजिबात सहन होत नाही, उठून आतल्या खोलीत जाऊन बसतात." मग म्हणाली, "तू एकदा सांग ना यांना, की आधीच गेले होते म्हणून. माझ्यावर विश्वास नाही, डॉक्टरांवर नाही. तू सांगितलंस तर ऐकतील. तू खोटं बोलत नाहीस हे यांना माहीत आहे."

मला हसावं की रडावं कळेना. आपलं बोलणं बंद होतं तेव्हाही तू माझ्याबद्दल घरात हे बोलायचास?

इकडे बाई मागे लागल्या आहेत. नवीन जातीचं वर्णन लिहून द्यायला त्यांनी या महिन्याची अखेर ठरवली आहे. आकृत्या झाल्या आहेत, शेपटाची एक आणि पायाची एक. घराणं तेवढं लिहायचं बाकी आहे, आणि नाव. बाई म्हणाल्या, "वडिलांचं ठेवा. लेबलावर तेच तर आहेत." त्यांना चेष्टा करायची नव्हती, त्या अशाच बोलतात. मला बाबांचा चेहरा दिसला. मांस खाणाऱ्या माशीला आपलं नाव दिलंय हे ऐकून ते गल्लीभर सांगत सुटले असते.

कुठलीही नवीन जात एका माशीवर उभी असते, दादा. हजार सापडल्या तरी नाव त्या एकीचं. पुढे कुणी शंका घेतली तर जगभरातले लोक तीच बघायला मागतात. ती, आणि तिच्या खालचं लेबल. कशावर सापडली ते वाचतात, घराणं बघतात, आणि न सांगता त्यांना सगळं कळतं. माझ्या धंद्यातला कुठलाही माणूस त्या दोन ओळी वाचून सांगेल की हा म्हातारा कसा गेला.

पुढच्या आठवड्यात नक्की कळवते. जेवत जा.

बारकी

२४ एप्रिल

दादा,

चौकडी.

तेल पूर्ण निघालं. चौकोन स्वच्छ दिसतात आणि माशी फिरवली की जागा बदलतात. मी तीनदा बघितलं. म्हणजे डॉक्टर म्हणाले तेच खरं. बाबा पडले आणि तिथेच गेले, माश्या त्यानंतर आल्या. तू बेल वाजवलीस तेव्हा आत कुणी नव्हतं. तू दार फोडलं असतंस तरी काही उपयोग झाला नसता.

आता झोप.

माशीचं म्हणशील तर ती काही छापली जाणार नाही. माझ्या हातून पेटीतली लेबलं सरमिसळ झाली. कुठलं कुणाचं, कळेना. लेबल नाही तर माशी नाही, हा आमच्या खोलीतला पहिला नियम आहे. आठवून दुसरं लेबल लिहिलेलं चालत नाही, ते गोळा केल्या दिवशीचंच लागतं. बाई खूप बोलल्या. "शिकाऊ पोरगी असती तर समजलं असतं," म्हणाल्या. त्यांचंही बरोबर आहे. महत्त्वाच्या कपाटांची किल्ली त्यांनी काढून घेतली, मी आता डासांच्या पेट्या लावते. ते कामही काही वाईट नाही. डास गरीब असतात.

तू माझी काळजी करू नकोस. एक माशी काय, नाव नसलेल्या हजारो पडल्या आहेत जगात.

वहिनीला म्हणावं, बेल परत लाव.

बारकी

२० मे

दादा,

तुझं पत्र आलं. चार पानं. आधी वाटलं वहिनीने लिहिलंय. मग अक्षर बघितलं आणि दार लावून घेतलं.

पहिलीच ओळ: "खोटं बोलतेस, बारके." पुढचं मी सलग वाचू शकले नाही. तू लिहिलंयस, "बेल वाजवली आणि आतून ठोकल्याचा आवाज आला. तीन. मग थांबून तीन. मी मोजले. परत बेल दाबली, परत तीन आले. मला वाटलं, मुद्दाम करतायत. त्या दिवशी चमच्याने केलं होतं तसंच. मला ऐकवतायत की बघ, तुझ्यामुळे अडकलोय. माझं डोकं फिरलं. दाराला तोंड लावून मी ओरडलो, 'बसा ठोकत!' आणि खाली ठेवलेली बॅग उचलून निघालो."

तुझी चूक झाली असं मला म्हणता येत नाही. दुसऱ्या कुणाच्या मुलाने तो आवाज ऐकला असता तर त्याला वाटलं असतं, काहीतरी झालंय. त्याला तीनचा अर्थ माहीत नसता, आणि बाबांचा रागही माहीत नसता. त्याने शेजारी गोळा केले असते. तुला दोन्ही माहीत होतं. मी तिथे असते तर मीही हसून परत फिरले असते. फोनवर मी तेच केलं.

तू लिहिलंयस की तुला सुटका नको होती. तुला हवं होतं की दुसऱ्या कुणीतरी हे स्वतःहून शोधून काढावं आणि तुझ्या तोंडावर सांगावं. म्हणजे ते ओझं तुझ्या एकट्याच्या डोक्यावर राहिलं नसतं. "तू सांगशील वाटलं होतं. तू कुणाचीच भीड ठेवत नाहीस. नेमकी आत्ताच कशी ठेवलीस?"

मला काय माहीत रे? मला वाटलं, मी एक माशी देऊन तुला सोडवते आहे.

तर आता ऐक. ठिपके होते. काळे, गोल, आणि हलत नव्हते. लेबलं सरमिसळ झाली नाहीत. मी चिमट्याने टाचणीवरून ते एक लेबल उतरवलं, फाडलं आणि बेसिनमध्ये सोडलं. माशी सरावाच्या डब्यात टाकली. त्यात बिनलेबलाच्या माश्या असतात, नवीन आलेले लोक त्या उघडून बघायला शिकतात, मोडल्या तरी कुणी विचारत नाही. तुझं पत्र वाचून झाल्यावर मी धावत जाऊन तो डबा काढला. माझी टाचणी ओळखता आली. तिच्यावर छातीचा तुकडा आणि एक पाय होता. उघडलेलं शेपूट ज्या कुपीत ठेवलं होतं तीसुद्धा कुणीतरी धुऊन परत वापरायला ठेवली होती. सगळं नेहमीच्या पद्धतीनेच झालं.

बाई म्हणतात, तसली माशी परत सापडेल. सापडेलही. पण ती दुसऱ्या कुणाच्या जखमेवरची असेल.

म्हणजे बाबा कसे गेले याची आता कुठे नोंद नाही. डॉक्टरांच्या कागदावर हृदय आहे. खरं काय ते तुला माहीत आहे आणि मला. हे दोघांत वाटून घेतलं म्हणून हलकं होईल असं तुला वाटत असेल तर मला तसं काही वाटत नाही. पत्र वाचल्यापासून मला फक्त तुझा आवाज ऐकू येतो, दाराला तोंड लावून ओरडलेला, आणि तो आतल्या बाजूने ऐकू येतो.

शेवटच्या पानावर, कडेला, पेनाने गिरवून गिरवून तू एक प्रश्न लिहिलायस. मीच आलोय हे त्यांना कळलं असेल का?

मागच्या वेळी विचारलंस तेव्हा मी खोटं सांगितलं आणि त्यात आपल्या दोघांचंही काही राहिलं नाही. या वेळी सांगत नाही. या प्रश्नाला माशीची गरजही नाही. त्या दाराची बेल इतकी दाबून धरणारा माणूस जगात एकच होता, आणि तीन ठोक्यांचा अर्थ कळणारी माणसं दोन. त्यातली एक चिखलात उभी आहे हे त्यांना माहीत होतं.

हो दादा. तू आलास हे त्यांना कळलं. म्हणूनच त्यांनी तीन ठोकले.

बारकी